आईला सांगायचं नाही

पुण्याच्या नोकरीसाठी तंजावर सोडलं, तेव्हा आई राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. रिक्षा सुरू झाली तशी ओरडली, "घरची काळजी करू नकोस रे, अक्का आहे की!" घर सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांच्या मागे अशी एखादी अक्का असेलच.

पुण्यात आधी लोक माझ्या तंजावरी मराठीला हसले. घरी मराठी बोलायचो, पण शाळा तमिळमधली; मग मी देवनागरी वाचायला शिकलो, कापीला कॉफी म्हणायला लागलो. आईला पोटाचा कॅन्सर आहे आणि तो पसरलाय, असं डॉक्टरांनी थोरल्या बहिणीला, अक्काला सांगितलं, तेव्हा मी मीटिंगमधून बाहेर येऊन फोनवर फर्मान काढलं, "आईला काही सांगायचं नाही. खचेल ती." आणि परत मीटिंगला गेलो. मोठा शहाणा!

फर्मान माझं, निभावायचं अक्कानं. शाळेतली नोकरी सोडून ती दिवसभर आईपाशी. आई विचारायची, "अगं, गुण का येईना?" अक्का म्हणायची, "अल्सर आहे, वेळ लागतो," आणि परसात जाऊन रडून यायची. मी रोज फोन करायचो. आईनं काय खाल्लं, गोळ्या दिल्यास का, सगळं विचारायचो. तू जेवलीस का, हे कधी सुचलंच नाही.

यंदा पोंगलला गेलो तर अक्काची पार काडी झालेली. तिला जबरदस्तीनं झोपायला पाठवलं आणि आईपाशी बसलो. लगेच आईनं विचारलं, "गुण का येईना रे?"

पाणी आणतो म्हणून उठलो, तर तिनं मनगट धरलं.

"बस. मला ठाऊक आहे. डॉक्टरचं तोंड बघूनच कळलं. ती पोर सांगायला धजत नाही, म्हणून मीही गप्प. डोळे सुजवून येते आणि मला हसून दाखवते. तिला म्हणावं, इथे येऊन रड."

अक्काला उठवून सांगितलं. आधी ती माझ्यावर हात उगारून आली. मग आईच्या कुशीत शिरली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. मी दारात उभा, चोरासारखा.

रजा संपली. निघताना आई अंथरुणातूनच सवयीनं म्हणाली, "काळजी करू नकोस, अक्का आहे की." अक्कानं दहीभाताचा डबा हातात दिला. माझं घर म्हणजे आता अक्काच. पण अक्काला कोण आहे?

मी "येतो" म्हटलं आणि रिक्षात बसलो.