नात हाक ऐकायला शेजारी जायची

शेजारच्या बाईचा मला हेवा वाटायचा, आणि तोही सकाळी उठल्या उठल्या. आता यात लपवायचं काय? एकाच नळावर पाणी भरून म्हाताऱ्या झालेल्या आम्ही दोघी, मनानं चांगली आहे बिचारी. पण माझी नात, दुसरीत जाणारी, डोळे चोळत चोळत तिच्या मागच्या अंगणात जाऊन बसायची. माझ्याकडे नाही. वरून तिला म्हणायची ‘मोठी आजी’. ती मोठी, मग मी कोण? वयानं तर आम्ही सारख्याच, लग्न होऊन गावात आलो त्याही एकाच उन्हाळ्यात.

झालं असं की, आमचं गाव गोंडपिपरीकडचं, जंगलाला लागून. मोहाची फुलं पडायला लागली की झुंजूमुंजू होताच बायका टोपल्या घेऊन निघतात. माझी सूनही जाते. त्या वर्षी वाघ गावाजवळ फिरत होता, म्हणून वनरक्षक शाळेत येऊन सांगून गेला: एकटीनं जाऊ नका, आणि फार वेळ वाकून राहू नका, वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. सांगितलं मोठ्यांना, पण ही पोरगी पुढेच बसलेली. घरी येऊन आईला म्हणते,

“आई, तू उभ्यानं वेच ना.”

“उभ्यानं कशी वेचू माय? फुलं तं खाली राह्यते,” सून हसली. मीही हसले. म्हटलं, “काई होत नाई. आपल्याले कशाचं भेव?” पोरगी काही हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. मग रोजचंच झालं, आई गेली की पोट. मी ओवा दिला, हिंग लावला, बेंबीत कोमट तेल घातलं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, म्हणाले काही नाही. मला वाटलं, जंगलाकडचा आवाज कानी पडतो म्हणून ही घाबरते. मी मागचं दार लावून घ्यायची आणि टीव्ही मोठ्यानं लावून द्यायची. कार्टूनकडे ती बघायचीच नाही, दाराकडे बघायची. एक दिवस सटकली शेजारी. आली ती चहात टोस्ट बुडवून खायलाच बसली.

“पोट?”

“नाई दुखत आता.”

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

“काय देते ती तुले?”

“काई नाई देत.”

“मंग काय सांगते?”

“ती काई नाई सांगत. मीच सांगतो तिले.”

ऐका. झोपायची माझ्या कुशीत, आणि पोटातलं सांगायची तिला. मी बाईला नळावर गाठलं.

“काय बाई, मंतर-गिंतर घालून राह्यली का माह्या नातीवर?”

“मंतर येत असता तं आधी माहे गुडघे नसते का बरे केले? पोरगी येते, हाका ऐकते. तुह्या घरी टीव्ही गर्जून राह्यते, त्यात काय ऐकू येईन तिले?”

मोह वेचताना प्रत्येकीचं झाड वेगळं असतं, मध्ये झुडपं, कोणी कोणाला दिसत नाही. म्हणून एकीनं ‘कूऽऽ’ केलं की बाकीच्यांनी पाळीपाळीनं उत्तर द्यायचं. वाघालाही कळतं, माणसं आहेत. शेजारणीचं अंगण गावाच्या टोकाला, तिथं या हाका येतात, आणि त्यातली आईची हाक नातीला बरोबर ओळखू यायची. ती आली की पोट दुखायचं थांबायचं. मी स्वतः त्याच रानात अशाच हाका देत आलेली बाई. पण हे सुचलं शेजारणीला. त्याचीच जास्त आग झाली.

पुढं बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे वरोऱ्याला गेली. मला आनंद झाला. सकाळी मीच नातीला घेऊन तिच्या अंगणात जाऊन बसले. हाका सुरू झाल्या असाव्यात. ‘असाव्यात’ म्हणते, कारण मला नुसत्या कोंबड्याच ऐकू येत होत्या. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सून बोलायची, पण कान इतके गेलेत हे मला तिथं बसल्यावर कळलं. मी आपली मान डोलवत राहिले.

“सगळ्यांच्या आल्या,” नात म्हणाली. “आईची नाई आली.”

माझी जीभ ‘काई होत नाई’ म्हणायला उचलली होती, निघालं वेगळंच. “मले तं काईच ऐकू येत नाई, माय. माहंही पोट दुखून राह्यलं.”

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्या पोटावर हात ठेवला, अगदी हलका.

“दाबू नको. आत खार आहे. पकडाले गेलं का जास्त धावते. आपण झाडावानी बसाचं, मंग ती बी बसते.”

“हे मोठ्या आजीनं सांगतलं?”

“नाई, मीच तिले सांगतलं. तिची सून बी जाते ना मोहाले. तिले बी भेव लागते.” वर म्हणाली, “तुले तं लागतच नाई म्हणे.”

बसलो दोघी झाडासारख्या. कोंबड्या पायाशी येऊन टोचून गेल्या तरी हललो नाही. मग तिनं श्वास सोडला.

“आली आईची.”

पुढं बाई काळा चष्मा लावून परत आली. सकाळी नात उठून निघाली ती तिच्याकडेच. मी चुलीपुढून उठलेच नाही. पोरगी दारातून वळली.

“चाल ना आजी. आईची हाक आली हे तुले कोण सांगीन?”

गेले. बाईनं सरकून चटईवर जागा दिली. नात आमच्या मधोमध बसली, पण टेकली तिच्याकडेच. लागलं मला. पण हाक आली की ती तोंड फिरवते ते माझ्याकडे, बाईचे कान अजून शाबूत आहेत ना, तिला सांगावं लागत नाही. एवढं मी बाईला ऐकवून घेतलं आहे.