सीलबंद दाजी

हे नाव दाजींना त्यांच्या मेहुण्याने दिलं आणि ते कायमचं चिकटलं. दाजी लिफ्ट दुरुस्त करत. दिवसभर लिफ्टच्या टपावर बसून हात ग्रीसने काळे करायचे, घरी येऊन कोपरापर्यंत साबण चोळायचा आणि मगच काचेच्या कपाटाला हात लावायचा. कपाटात जुने व्हिडिओ गेम. प्रत्येकाच्या दोन डब्या, एक खेळायला आणि दुसरी कंपनीच्या प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी. त्या दुसरीला कुणी नख लावलं की दाजींचा जीव खालीवर व्हायचा.

मेहुणा सगळे गेम नेटवरून फुकट उतरवून खेळे. "चोरीचा माल आहे तो," दाजी त्याला सुनवत. "मी पैसे मोजलेत. माझं ते माझं."

घरातली खरी खेळाडू मात्र ताई, म्हणजे दाजींची बायको, मेहुण्याची थोरली बहीण. शाळेच्या ऑफिसात दिवसभर पालकांचे फोन घेऊन तिचं डोकं उठायचं. संध्याकाळी चष्मा कपाळावर सरकवून ती दाजींच्या शेजारी बसकण मारायची. दोघांचा जीव एकाच गेमवर. हरवलेले बहीणभाऊ घराकडे निघालेत, बहीण ताईची, भाऊ दाजींचा. वाटेतलं प्रत्येक दार दोघांनी एकदम बटण दाबलं तरच उघडायचं.

"अहो, मी 'हं' म्हटलं की दाबायचं. आधी नाही."

दाजी हटकून आधीच दाबत. दार बंदच राही आणि ताई त्यांच्या मांडीवर चापट मारी. असे भांडत भांडत त्यांनी तीन भाग संपवले. मुलं घरी पोचणार होती चौथ्या भागात.

चौथा आला तेव्हा दुकानात एकच डबी उरली होती, ती दाजींनी घरी आणली.

"उघडा ना," ताई म्हणाली.

"दुसरी मिळू दे. हिचं प्लास्टिक फाटलं की सगळं संपलं."

"पोरं कधीची ताटकळलीत हो."

"कुठे पळून जातायत?"

ताईने नाक मुरडलं आणि विषय सोडला. दुसरी डबी काही मिळाली नाही. दाजी दर रविवारी पहिलीवरची धूळ पुसत राहिले.

पुढे ताईच्या छातीचं दुखणं निघालं. उपचार झाले, आशा वाटली, मग डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. घरी आल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. "आता तरी उघडा. कुणासाठी जपताय?"

दाजींनी कोपरापर्यंत हात धुतले. ब्लेडने प्लास्टिकची कड कापली. आत तबकडी नव्हतीच. कागदाचा एक चिठोरा होता, त्यावर लांबलचक कोड. तो टाकून गेम नेटवरून उतरवायचा होता. दाजींनी एकेक अक्षर बोट ठेवून टाकलं. पडद्यावर आलं, ही सेवा बंद करण्यात आली आहे.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "सर, तुम्ही गेम नाही, खेळायची परवानगी विकत घेतली होती. तिची मुदत संपली."

"घेतला त्याच दिवशी उघडला असता तर?"

"तर चालला असता ना सर."

दाजींनी फोन ठेवला. तेव्हा ताई धडधाकट होती. जिने चढून यायची, चापट मारायची. ते सगळे दिवस हा कोड चालू होता, आणि आपण बाहेरून धूळ पुसत होतो. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

ताई मात्र हसली. "रिकामी डबी जपलीत हो," म्हणाली आणि खोकत बसली.

तेव्हा तरी मेहुण्याला हाक मारावी की नाही? पण नाही. दाजी पावतीचे फोटो जोडून कंपनीला मेल लिहीत बसले. आम्हाला आपल्या भावना समजतात, असं उत्तर आलं. दुसऱ्या मेललाही तेच. मधल्या दिवसांत ताईचं बोलणं कमी कमी होत गेलं. शेवटी दाजींनी नाक मुठीत धरून फोन केला. "तुझ्याकडचा चोरीचा आण रे."

मेहुणा त्याच संध्याकाळी आला. एका शब्दानेही चिडवलं नाही. ना कोड, ना परवानगी, गेम पहिल्याच फटक्यात सुरू झाला. अंगणाचं फाटक दिसलं, त्यापुढे ते बहीणभाऊ.

दाजींनी ताईच्या हातात रिमोट ठेवला. बोटं बटणावर नुसती पडून राहिली. मग त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि दोन्ही रिमोट स्वतःकडे धरले, दोन अंगठे दोन बटणांवर.

"तू फक्त 'हं' म्हण. दोन्हीकडचं मी दाबतो."

ताईचे डोळे अर्धवट मिटलेले होते. श्वास चालू होता, संथ. पडद्यावरची पोरं फाटकापाशी उभी होती.

बऱ्याच वेळाने मेहुण्याला राहवलं नाही. "दाजी, दाबा ना."

"थांब," दाजी म्हणाले. "ती अजून म्हणाली नाही."