आईची व्हीलचेअर आणि दोन हायब्रिड गाड्या

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे.

दोन छोट्या हायब्रिड एसयूव्हींपैकी एक निवडायची म्हणून आज कोराडीहून आईला आणि तिच्या व्हीलचेअरला घेऊन नागपुरात गेलो. पहिल्या गाडीच्या डिकीत व्हीलचेअर मावली. दुसरीत बॅटरीनंच जागा खाल्लेली, डिकी बंदच होईना.

तिथला सेल्समन हसत म्हणाला, "मायलेज पाहा न साहेब! आजीले रोज कुठं न्यायचं आहे?"

आई समोरच बसली होती. हळूच म्हणाली, "हेच घे गा. मी राहीन घरी."

मी ओरडलोच, "गाडी तिच्यासाठीच घेऊन राहिलो ना!" तडक पहिल्या शोरूममध्ये जाऊन बुकिंग केलं.

आई मात्र घरी येईपर्यंत म्हणत होती, "माझ्यासाठी मायलेज कशाले सोडलं गा?" त्या सेल्समनचं ते बोलणं तिच्या मनातून कसं काढू, सांगा?