वाघुरीची मोकळी गाठ

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. तिथं गेल्यापासून बिरोबापुढे हात जोडतानाही मन थोडं मागेच राहायचं.

आम्ही नांदूरघाटाकडचे मेंढपाळ. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडतो. एक जरी मेंढरू बाहेर असलं तरी तिची शेवटची गाठ बांधत नाहीत. माझे खापरपणजोबा दुष्काळात मुंबईला गेले आणि किनाऱ्यानं जाणाऱ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायला लागले. ‘बोट चांगली आहे, पोटभर मिळतं,’ असं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं एकच पत्र आलं. त्यात बोटीचं नाव होतं. पुढं काहीच कळलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी ती गाठ रोज मोकळी राहते, आणि पितरांत त्यांचं पान वाढत नाहीत. जनावर शिरू नये म्हणून अण्णा, माझे वडील, त्या फटीपाशी आडवे झोपतात.

यंदा अण्णांची छाती भरली. डॉक्टरांनी दवात झोपायला सक्त मनाई केली. आई चिडून म्हणाली, “त्या फटीतून लांडगा यायचा, तुमचा पणजा न्हाई!”

अण्णा खोकत हसले. “मेला म्हणून कुनी सांगितलं का? मंग गाठ कावून मारायची?” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तू शिकलाव ना? हुडीक मंग.”

बीडच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात मला त्या बोटीचा फोटो आणि माहिती सापडली. पावसाळा सरला की ती बंदरामागून बंदर करत जायची. नारळ, तांदूळ, टपाल, माहेरवाशिणी, सगळं तिच्यातून जायचं. उथळ बंदरात ती लांब उभी राहायची आणि होड्या माणसं आणायच्या. एका वादळात ती गेली, ती परत दिसली नाही. उतारूंची थोडी नावं होती. भट्टीवरच्यांची एकही नव्हती.

मी समुद्र कधी पाहिलेला नाही. डोळे मिटले आणि मनात म्हणालो, बिरोबा, माझ्यानं होत नाही, आता तूच बघ. डुलकी लागली असावी. ज्वारीच्या हिरव्या रानातून बोट सावकाश चालली होती, कणसं बाजूला होत होती, आणि कोळशानं काळा झालेला एकजण बोटीच्या कठड्याशी उभा राहून आमची मेंढरं बघत होता.

“ही आमच्याकडची बोट!”

मी दचकलो. एक वयस्कर गृहस्थ फोटोवर वाकले होते. कोकणातून मुलीकडं आलेले, पेपर वाचायला बसले होते. “आमच्या गावचे बरेच होते हिच्यात. सर्वपित्रीला आम्ही समुद्रात पानं सोडतो. शेवटचं पान भट्टीवरच्यांचं. नावं ठाऊक नाहीत, पण म्हणून काय उपाशी ठेवायचं?”

मी तसाच घरी सांगायला उठलो. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं.

घरी सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, “म्हंजी उपाशी न्हवता.” त्या अमावस्येला आमच्याकडंही पान वाढलं. संध्याकाळी अण्णांनी मावळतीकडं तोंड करून चुकार मेंढराला घालतात तशी हाक घातली, आणि शेवटची गाठ बांधली. त्या दिवसापासून ते घरात झोपतात.

यात देवानं काय केलं, मला सांगता येणार नाही. पण आम्ही इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होतो, त्याला परकी माणसं दरवर्षी जेवू घालत होती. आता हात जोडताना मन मागे राहत नाही.