गाईडमावशींची शनिवारची फेरी

गाईडमावशी कुणालाही माफ करत नसत. एका केस कापणाऱ्या बाईने एकदा त्यांना विचारलं होतं, "तुमच्या इंडियात घरात गुरं बांधतात म्हणे?" त्यानंतर मावशी त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. केस कापायला बस पकडून दुसऱ्या गावी जायच्या. वर्षानुवर्षं. पण ती बाई रस्त्यात भेटली की हसून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, तिच्या गुडघ्याची चौकशी करायच्या. "चौकशी करायला काय जातं?" त्या म्हणत. "माफी वेगळी, चौकशी वेगळी."

माझ्या आईच्या त्या पुण्यातल्या वर्गमैत्रीण. मी लंडनजवळ ब्रॅकनेलला नोकरीसाठी आले तेव्हा आईने फोनवर बजावलं, "एकटी आहे ती. जात जा." पहिल्यांदा गेले ती नाइलाजाने, नंतर सवयीने. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सची हद्द जवळ आली की माती तांबडी होते, सफरचंदांच्या बागा लागतात, आणि एका उतारावर ते गाव दिसतं. ओकच्या खांबांवर उभा असलेला जुना बाजारहॉल, चर्चपासून वेगळा उभा राहिलेला घंटेचा मनोरा, नदीवरचा दगडी पूल, एक बेकरी, तीन पब. तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची गुरं मात्र जिकडे पाहावं तिकडे.

मावशींचे यजमान अप्पा गुरांचे डॉक्टर. त्या गावात ते तरुणपणी आले. सुरुवातीला शेतकरी त्यांना फाटकातच थांबवून नाव दोनदा विचारायचे. पुढे पुढे गाय अडली की आधी त्यांनाच फोन करायचे. गुरांच्या बाजारात आलेलं प्रत्येक जनावर त्यांच्या हाताखालून जायचं. मावशी त्या काळाबद्दल बोलताना एवढंच म्हणायच्या, "आम्हाला वाटलं, आपण इथले झालो."

मग लाळ्या-खुरकतीची साथ आली. कळपच्या कळप मारून जाळले. जनावरं हलवायला बंदी होती, तरी पहिला कळप आजारी निघाला तो गिल्बर्टच्या शेतावर. गिल्बर्ट म्हणजे गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. साथ ओसरून बाजार पुन्हा भरला त्या दिवशी तो लिलावाच्या कठड्यापाशी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रोग डॉक्टरच्या बुटांवरून आला. हे लोक बूट कुठे धुतात?"

एवढं पुरलं. अप्पांना येणारे फोन थांबले. ज्यांच्या घरी नाताळचं जेवण जेवले होते, तेही रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. अप्पा भांडले नाहीत. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात औषधाच्या पाण्याने बूट घासून धुवायचे, दिवसभर घराबाहेर पडले नसले तरी. "ते बघवायचं नाही गं," मावशी म्हणाल्या होत्या, "पण मी मुद्दाम बघायचे. पुढे उपयोगी पडेल म्हणून." दुसऱ्या हिवाळ्यात अप्पा हृदयविकाराने गेले.

अंत्यविधीनंतर गिल्बर्टची बायको मागच्या दाराने आली. स्वयंपाकघरात उभ्यानेच तिने सांगितलं की बंदी असताना गिल्बर्टने दुसऱ्या भागातून चोरून मेंढ्या आणल्या होत्या. रोग त्या मेंढ्यांबरोबर आला, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच महिन्यात ती नवऱ्याला सोडून मुलीकडे कार्डिफला निघून गेली.

आम्ही सगळ्यांनी मावशींना पुण्याला परत जायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी गेले तर त्याला झोप लागेल."

गावाला तेव्हा पर्यटकांना हिंडवण्यासाठी बिनपगारी गाईड हवे होते. मावशींनी नाव दिलं. उन्हाळ्यात दर शनिवारी, निळं जॅकेट, पांढरी छत्री उंच धरलेली. त्या उत्तम सांगायच्या, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. बाजारहॉलच्या खांबांवर सुताराने कोरलेल्या खुणा दाखवायच्या, मनोरा वेगळा का बांधला याच्या दोन कथा सांगून "तुम्हाला आवडेल ती घ्या" म्हणायच्या, तिथल्या सफरचंदांच्या दारूचा, सायडरचा, घोट घ्यायला लावायच्या. लोक हसत हसत शेवटच्या मुक्कामी पोचायचे: जुना गुरांचा बाजार, आता कार पार्क. तिथे त्या छत्री मिटायच्या.

"इथे लिलावाचा कठडा होता," त्या त्याच आवाजात सांगायच्या. "इथे उभं राहून मिस्टर गिल्बर्ट माझ्या नवऱ्याबद्दल खोटं बोलले." मग मेंढ्या, बूट, अप्पा, सगळं. आवाज चढायचा नाही. शेवटी "ते समोर राहतात, हिरवं दार" असं म्हणून सगळ्यांचे आभार मानायच्या.

गिल्बर्टने वकिलाला पाठवलं. मावशींनी त्याला चहा दिला, बरोबर शंकरपाळे, आणि म्हणाल्या, "जरूर कोर्टात जा. तिथे आणखी लोक ऐकतील." वकील पुन्हा आला नाही. हिरव्या दाराला पुढे पांढरा रंग लागला. पुढच्या शनिवारी मावशींनी सांगितलं, "ते पांढरं दार. आधी हिरवं होतं."

मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, आता पुरे ना? तो म्हातारा झालाय."

"अप्पांना म्हातारं होऊ दिलं त्याने?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मागच्या सप्टेंबरात मावशींना कॅन्सर निघाला, तोही पुढच्या टप्प्यावरचा. मी सुट्टी काढून तिथे राहायला गेले. एका सकाळी बेल वाजली. दारात काठी टेकून गिल्बर्ट उभा. मी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. "मला त्यांची माफी मागायची आहे," तो म्हणाला. "आत येऊ?"

मी आत जाऊन सांगितलं. मावशी उशीला टेकून बसल्या. डोळे एकदम लखलखीत.

"त्याला सांग, गर्दीत बोललास, गर्दीतच माग."

मी बाहेर येऊन शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. पायपुसण्याकडे बघत तो म्हणाला, "शनिवारी."

शनिवारी मी मावशींना व्हीलचेअरवरून कार पार्कात नेलं. निळं जॅकेट घालायचा त्यांचा हट्ट होता. ते अंगावर तंबूसारखं झालं होतं. बातमी पसरली होती. बेकरीवाले, पबवाले, अप्पांना टाळणारे दोन-तीन म्हातारे शेतकरी, सगळे जमले होते. गिल्बर्टने टोपी काढली. खाली बघत तो म्हणाला, की मेंढ्या त्याने आणल्या होत्या, डॉक्टरचा दोष नव्हता, आणि तो दिलगीर आहे.

कुणीतरी खोकलं. आता मावशी काही मोठ्या मनाचं बोलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"मला ऐकू आलं नाही," मावशी स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "त्या दिवशी तुझा आवाज मोठा होता."

गिल्बर्टचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. त्याने मान वर केली आणि ओरडून सांगितलं. पहिल्यापासून. पलीकडच्या पबच्या खिडकीत माणसं आली. बोलता बोलता तो रडायला लागला, तरी मावशींनी मला थांबायची खूण केली आणि शेवटचा शब्द होईपर्यंत खुर्ची वळवू दिली नाही.

घरी येताना मी विचारलं, "केलंत माफ?"

"छे! मी ऐकायला गेले होते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "भूक लागलीय गं. पिठलं कर."

मार्चमध्ये मावशी गेल्या. अंत्यविधीच्या सकाळी फुलवालीची व्हॅन दाराशी थांबली. मोठा पांढरा गुच्छ, त्यावर गिल्बर्टचं कार्ड. बाहेर बोचरी थंडी होती, म्हणून मी फुलवालीला आत बोलावलं, आल्याचा चहा दिला, तिच्या मुलांची चौकशी केली. तिचा कप रिकामा झाल्यावर गुच्छ परत तिच्या हातात ठेवला.

"पण त्या तर आता नाहीत ना, लव्ह," ती गोंधळून म्हणाली.

"नाहीत," मी म्हटलं, "मी आहे."