पांढऱ्या चौकोनाची उडी

अमरावती-अकोला बसमध्ये एक तरुण माझ्या शेजारी बसला आणि त्याने मोबाइल माझ्यापासून वळवून धरला. मधूनच पुटपुटायचा, "गेला." हा नक्की सट्टेवाला, म्हणून मी मांडीवरची बॅग घट्ट आवळली.

बडनेऱ्यानंतर चोरून पाहिलं. काळ्या स्क्रीनवर एक पांढरा चौकोन काट्यांवरून उड्या मारत होता. काट्यावर पडला की खेळ पुन्हा पहिल्यापासून. इतकं हरूनही याच्या कपाळावर आठी नव्हती, तेच मला जास्त खटकलं.

"पैसे लावता काय यात?"

"नाही जी."

"मंग जिंकलं तं काय भेटते?"

"पुढची उडी."

मला काही ते पटलं नाही. मूर्तिजापूरला तो उठला आणि पहिल्यांदाच हसला.

"काका, बॅग सोडा आता. मी उतरून राहिलो."