बसऱ्याकडचा वेढा

आमच्या काकूला खरं तर सेनापतीच करायला हवं होतं. पंचवटीतल्या घरात भाजी निवडून झाली की ती सुपात ज्वारीचे दाणे मांडायची. ही नदी, हे तिचं वळण, वळणात अडकलेली आपली पलटण आणि भोवती तुर्कांच्या तोफा. मग एक दाणा बोटानं हळूच बाहेर सरकवायची. तो दाणा म्हणजे काका.

काका पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे गेले आणि वेढ्यात सापडले. सरकारनं ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी शाळेत जाऊ लागले ती एकोणीसशे तीसनंतरची वर्षं, तरी काकूचं कुंकू आपलं ठसठशीत. आजोबा म्हणत, दर्भाचा पुतळा करून दहन करू, रामकुंडावर क्रिया उरकू, त्याला गती तरी मिळेल. काकू स्वयंपाकघरातून म्हणायची, “जाळा खुशाल, मी कुंकू पुसणार नाही.” देवळालीच्या छावणीतला शिपाई दिसला की त्याला चहा पाजून विचारायची, वेढ्यातून माणूस निसटतो का हो? बिचारे हो म्हणायचे.

एका सकाळी निफाडकडचा एक म्हातारा हवालदार घर विचारत आला. वडिलांच्या दशक्रियेला रामकुंडावर आलेला, डोकं-मिशा सफाचट. काकांच्याच पलटणीतला! काकूनं सूप पुढं ओढलं. “दादा, या अंगाला तोफा नव्हत्या ना? इथून निघाले असतील?”

त्यानं सुपाकडे बघितलंच नाही. “वैनी, ते भाईर पडलेच नाय. वेढ्यातच गेले. म्या माती दिली.”

“गोळी लागली?”

“नाय. भुकेनं. धान्याच्या बोटी पोचल्याच नाय. जनरलसायबानं घोडी कापायचा हुकूम दिला, पण कुणी शिवंना. मग बिनतारी यंत्रावर हिंदुस्थानातनं मोठमोठ्या धर्मगुरूंच्या तारा आल्या, संकटात खाल्लं तर चालतं म्हून. आम्ही खाल्लं, म्हून मी हाय. त्यांना लय विनवलं. नाय म्हणाले, घरून शपथ घालून पाठवलंय.”

हवालदाराला वाटत होतं, शपथ आईनं घातली असेल. काकूनंच त्याला सांगितलं, “मी घातली होती.”

देवासमोर हात धरून तिनं वदवून घेतलं होतं, परमुलखात अभक्ष्य खाणार नाही. बाटून आला तर पंगतीला कोण घेणार, हीच तेव्हा सगळ्यांना धास्ती. तोफांची धास्ती तेव्हा पोरच असलेल्या काकूला वाटलीच नाही. काय म्हणावं या कर्माला! मला अजून राग येतो, आणि नेमका कुणाचा ते कळत नाही.

काकूनं पदरानं कुंकू पुसलं. रडली नाही. हवालदार उठायला लागला तेव्हा म्हणाली, “एवढ्या तारा मागवल्या, मला एक पाठवायची होती हो. कुणी विचारलं असतं, तर म्हटलं असतं, खा. काहीही खा, पण या.”